मिरवेलींखालची पंगत

सुगंधावहिनी परबांच्या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्यांना शिवराक जेवण रांधता येत नव्हतं. शिवराक म्हणजे मासळी-मटणाशिवायचं. हे त्यांनीच मला पुढे कधीतरी हसत सांगितलं होतं. माहेर आरोंद्याचं, घर खाडीला लागून. वडलांची होडी होती. माणसं आणि माल ते पैलतीरी नेत. सकाळची मासळी दारातच उतरायची, त्यामुळे आज जेवायला काय, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नाही. अशा घरातली मुलगी इन्सुलीला, डोंगराच्या पायथ्याशी, पोफळीच्या बागेत येऊन पडली. लग्न १९४९ सालचं. नवऱ्याचं नाव महादू, माणूस अबोल आणि झाडावर चढण्यात पटाईत.

मी इन्सुलीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो ते १९५२ च्या जूनमध्ये. माझं गाव खारेपाटण. परबांच्या घराच्या एका बाजूच्या दोन खोल्यांत मी बिऱ्हाड केलं आणि पुढची सोळा वर्षं तिथेच काढली. त्यामुळे इथे लिहितो आहे त्यातलं बहुतेक माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. त्याआधीचं महादूने किंवा वहिनींनी सांगितलेलं.

परबांची बाग गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातून उतरणाऱ्या व्हाळाच्या काठावर होती. पोफळी, फणस, पांगारे, आणि जवळजवळ प्रत्येक झाडावर चढलेली मिरवेल. लांबून बघितलं तर झाडांची खोडं दिसायचीच नाहीत, हिरवे खांब उभे केल्यासारखं वाटायचं. पौष-माघात घोसातला एखादा दाणा लाल झाला की मिरी काढायला सुरुवात व्हायची. शिड्या लावून माणसं चढायची, खाली बायका घोस गोळा करायच्या, आणि खळ्यात पसरलेल्या चटयांवर मिरी वाळून काळी व्हायची. हे सगळं शिमग्याच्या आधी संपायचं. शेवटची वेल उतरली की बागेचं जेवण.

हे जेवण बागेच्या राखणदारासाठी, म्हणजे बाग राखणाऱ्या देवासाठी. व्हाळाच्या काठी एक दगड होता, त्याला आधी पान दाखवायचं आणि मग माणसांनी बसायचं. राखणदाराच्या अटी दोनच. मासळी-मटण नको, जे काय असेल ते जमिनीतून आणि झाडावरून आलेलं असावं. आणि त्या वर्षी ज्याचा ज्याचा हात वेलीला लागला त्यातला एकही उपाशी राहता कामा नये. कुणी कुठे बसायचं हे काही राखणदाराने सांगितलेलं नव्हतं. ते माणसांनीच ठरवलं होतं. पहिली पंगत घरासमोरच्या खळ्यात, मानकऱ्यांची आणि भाऊबंदांची. दुसरी गावातल्या इतरांची. तिसरी बागेच्या कुंपणाबाहेर, फणसाखाली. तिथे लवू आणि गावाबाहेरच्या वस्तीतली त्याची माणसं बसायची. शिड्यांवर सगळ्यात उंच चढायचे तेच. ख्रिस्ती कुटुंबं दोन-तीन होती. त्यांचं जेवण केळीच्या पानात बांधून घरी जायचं.

या सगळ्याची व्यवस्था भिकाजी परबांकडे. महादूचे ते चुलते, घराण्यात वडीलधारे, सगळे त्यांना तात्या म्हणत. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः जाऊन बसणारा. पण रीत म्हणजे रीत, तिला हात लावायचा नाही.

१९५१ साली सुगंधावहिनींच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि जेवणाची जबाबदारी नव्या सुनेवर आली. तात्या दारात येऊन महादूला म्हणाले की खाडीवरची पोर ही, हिला डाळ आणि भात यापलीकडे काय येणार, या वर्षी रांधपी बाहेरून आणू. वहिनी आत ऐकत होत्या. त्यांनी बाहेर येऊन एवढंच सांगितलं, की रांधपी नको, मी करते.

करते म्हणाल्या खऱ्या, पण काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. सासूबाई बोलण्याच्या अवस्थेत नव्हत्या. बागेच्या दक्षिणेला दगडी गडगा होता आणि गडग्यापलीकडे साल्वादोरचं घर. साल्वादोर वेलींना आधार बांधायचा, छाटणी करायचा. परबांच्या बागेतली प्रत्येक वेल त्याच्या हाताखालून गेलेली. त्याची बायको कोन्सेसांव गोव्यातल्या पेडण्याकडची. त्या दिवशी ती गडग्यापलीकडे कणग्या धूत बसली होती. कणगी म्हणजे रताळ्यासारखाच, पण पांढऱ्या गराचा कंद. वहिनींनी सहज विचारलं की आज म्हावरं नाही का आलं. कोन्सेसांव म्हणाली की आमचा कोरेज्म चालू आहे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तिच्या माहेरी मटण तर नाहीच, मासळीही शिवायची नाही, असा नेम होता. तिने तो सासरीही सोडला नव्हता.

चाळीस दिवस काय करतेस मग, असं वहिनींनी विचारलं, आणि तिथून त्यांचं शिक्षण सुरू झालं. कोन्सेसांव गडग्यापलीकडून सांगायची, वहिनी अलीकडे उभ्या राहून ऐकायच्या. कोवळा फणस कसा कापायचा, हाताला तेल कधी लावायचं. ओल्या काजूचे गर वाटपात किती उशिरा टाकायचे. सुरण चिंचेच्या पाण्यात ठेवला तर घसा खाजत नाही. केळफूल सोलायला दुपारी बसायचं, सकाळी नाही, सकाळी त्याचा चीक जास्त. हे सगळं त्यांच्या भाषेत, म्हणजे अर्धं मालवणी आणि अर्धं पेडण्याची कोंकणी, मधेच एखादा पोर्तुगीज शब्द. वहिनी ऐकून घरात जायच्या, करून बघायच्या, आणि परत गडग्यावर येऊन काय बिघडलं ते सांगायच्या.

त्या वर्षीच्या जेवणाची गोष्ट महादू मला पुष्कळदा सांगायचा. कोवळ्या फणसाची भाजी तात्यांनी तीनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर त्यांनी सुनेला बोलावलं आणि ही आरोंद्याची पद्धत का, असं विचारलं. वहिनी खाली बघून हो म्हणाल्या. खरं सांगितलं असतं तर तात्यांचं जेवण तिथेच बाहेर आलं असतं, असं महादू म्हणायचा, आणि त्याला जेवढं हसता यायचं तेवढं हसायचा. वहिनींना मात्र त्या हो-चा आनंद कधीच वाटला नाही.

मी आलो तोपर्यंत बागेचं जेवण हे वहिनींचंच जेवण झालं होतं. ठेंगणी बाई, चालणं भराभर, पदर कमरेला खोचलेला. बोलणं कमी, पण विचारणं खूप. कुणाच्या परसात काय पिकलं आहे, कुणाच्या फणसाला पहिली कुयरी कधी लागली, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. जेवणाच्या आठ दिवस आधी त्या गावातून फिरायच्या. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने द्यायचं, दुसऱ्याकडून मागून आणून द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. एका वर्षी माझ्या बायकोकडे परसात अळवाशिवाय काहीच नव्हतं, म्हणून ती संकोचली. वहिनी म्हणाल्या, अळू तर कुणीच दिलं नव्हतं, आता जेवण पुरं झालं. वाढताना त्यांनी चार जणींना मुद्दाम सांगितलं की अळू मास्तरणीचं. माझी बायको पुढे कितीतरी दिवस ते बोलून दाखवायची.

पण पंगती तीनच राहिल्या. वहिनी तिन्हींना वाढायच्या, तिसरीलाही स्वतः जाऊन वाढायच्या, आणि पानातलं गडग्यापलीकडे पोचवून मग सगळ्यांच्या शेवटी मागच्या पडवीत एकट्या जेवायच्या. यात काही वेगळं आहे असं त्या कधी बोलल्या नाहीत. निदान १९५५ पर्यंत नाही.

त्या साली गोव्याची हद्द बंद झाली. आमच्या गावच्या नाक्यावरून पलीकडे जाणं-येणं थांबलं. दिवाळीच्या सुमाराला कोन्सेसांवची आई पेडण्याला वारली, तेही तिला चार दिवसांनी कळलं. परवान्याशिवाय जाता येईना आणि परवाना मिळेना. साल्वादोर नाक्यावर तीन खेपा घालून आला. बातमी कळल्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनी गडग्याला वळसा घालून फाटकातून पहिल्यांदा त्यांच्या घरी गेल्या. हातात पेजेचं भांडं होतं. कोन्सेसांव जेवत नव्हती, कुणाचं ऐकतही नव्हती. वहिनी तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि ती दोन वाट्या पेज घेईपर्यंत उठल्या नाहीत.

त्या संध्याकाळी वहिनी माझ्या बायकोकडे आल्या होत्या. मी ओटीवर वह्या तपासत होतो. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तरानू, तिना माझ्या हातची पेज खाल्ल्यान. मी चार वर्सां तिच्या जीवावर रांधतंय, पण तिच्या घरचा पाणीसुद्धा माझ्या तोंडाक लागूक नाय."

उत्तराची वाट न बघता त्या उठून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या कोन्सेसांवकडे पाणी पिऊ लागल्या. उघडपणे, तिच्या दारात उभ्या राहून. तात्यांच्या कानावर गेलं. त्यांनी महादूला विचारलं, महादू नेहमीप्रमाणे बागेत निघून गेला, आणि ते तिथेच राहिलं. पाणी ही घरची गोष्ट, पंगत ही गावची. पंगतीला हात लावायला आणखी दहा वर्षं जावी लागली, आणि ती संधी आली सरकारच्या एका कागदातून.

१९६५ चा पावसाळा वाईट गेला. धान्याची टंचाई देशभर होती. रेशनवर तांदूळ कमी येत होता, आला तर लाल आणि खडेवाला. १९६६ च्या माघात मिरी उतरत आली होती तेव्हा तालुक्याहून हुकूम आला. तात्यांच्या खळ्यात माणसं जमली आणि कागद वाचायला मला बोलावलं. "कोणत्याही समारंभात ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा अधिक व्यक्तींना तांदूळ, गहू अथवा त्यांपासून केलेले पदार्थ वाढण्यास मनाई आहे," असं त्यात होतं. आमच्या जेवणाला त्या संख्येच्या तिप्पट तरी माणसं असायची.

तात्यांनी लगेच निकाल दिला. या वर्षी जेवण नाही. राखणदाराला नारळ ठेवू, क्षमा मागू. कायदा मोडून जेवण घालणं काही बरं नाही. बरेच जण मान हलवत होते. मग दाराशी उभ्या असलेल्या वहिनींनी मला विचारलं, "मास्तरानू, त्या कागदात कणगीचा नाव आसा?"

मी कागद पुन्हा बघितला. नव्हतं. सुरण? नव्हता. फणस, केळी, करांदे, नारळ? यातलं काहीच नव्हतं. फक्त धान्य.

तात्यांना रोख कळला. ते म्हणाले की भाताशिवाय जेवण कसलं, त्याला काय जेवण म्हणतात.

"राखणदारान शीत खंय मागला?" वहिनी म्हणाल्या. "जमनीतला आणि झाडावरचा होया, इतक्याच त्येचा म्हणणा."

हे तात्यांना नाकारता येईना, कारण ते स्वतःच दर वर्षी राखणदाराला गाऱ्हाणं घालताना, म्हणजे त्याची प्रार्थना करताना, नेमकं हेच बोलायचे. ते म्हणाले, बरं, मग ते फराळासारखं होईल. वहिनींनी तो शब्द पकडला. आवाज जराही न चढवता, सासऱ्याशी बोलावं तितक्याच आदराने त्यांनी विचारलं, "तात्यानू, तुमी एकादशीक मळ्यात राखणीक बसात, तेव्हा रताळी कोण भाजून देय?"

सगळ्यांना माहीत होतं. तात्या तरुण असल्यापासून मळ्याच्या राखणीला त्यांच्याबरोबर लवूचा बाप असायचा, पुढे लवू. शेकोटीतली रताळी तोच काढून द्यायचा.

तात्यांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग म्हणाले, "विस्तवातसून इलेल्या कंदाक इटाळ नाय. फराळाक पंक्तीची रीत लागणा नाय." आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण ते बोलून झालं होतं आणि पन्नास माणसांनी ऐकलं होतं. वहिनी मान खाली घालून आत गेल्या.

त्या आठ दिवसांत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. या वेळी चुलीवर पाण्यात काहीही शिजवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. जे काय असेल ते विस्तवात भाजलेलं नाहीतर कच्चं. म्हणजे तात्यांनी दिलेल्या शब्दाबाहेर एक पदार्थही जाणार नव्हता. कोन्सेसांव आणि त्या दोघी रोज गडग्यावर बसून यादी करायच्या, खोडायच्या, पुन्हा करायच्या. लवू आणि साल्वादोरने बागेत, व्हाळापासून थोड्या अंतरावर, कमरेएवढे दोन खड्डे खणले आणि तळाशी व्हाळातले गोटे रचले.

जेवणाच्या दिवशी सकाळी त्या गोट्यांवर सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, विस्तव केला. निखारे झाले तसे ते एका बाजूला सारून केळीची पानं घातली. त्यावर कणग्या, करांदे, रताळी, सुरणाच्या फोडी, सालासकट राजेळी केळी, पुन्हा पानं, वर निखारे आणि माती. मी शाळेला सुट्टी देऊन तिथेच होतो. लवू खड्ड्याजवळ उकिडवा बसला होता, वहिनी नारळ फोडत होत्या. लवू हळूच म्हणाला, "वहिनी, आमी बसतलंव. पण कोण उठान गेलो तर?"

वहिनींनी नारळाचं पाणी भांड्यात ओतलं, करवंटी बाजूला ठेवली. "उठान गेलो तर त्येचा पान मी उचलतलंय. तुमी उठा नकात."

पानं त्यांनी स्वतः मांडली. बागेतून पाण्याचा पाट जायचा, त्याच्या काठाने. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एकच ओळ, जिथे पाट वळतो तिथे ओळही वळलेली. दोन्ही बाजूंना मिरवेलींचे खांब. पानावर मीठ, लिंबाची फोड, बाळकैरीचं किसून केलेलं रायतं, आणि शेवटच्या घोसांतली ओली मिरी ठेचून मिठात कालवलेली. ओल्या काजूचे गर खवलेल्या खोबऱ्यात. प्रत्येक पानाशेजारी एक वाटी सोलांची कढी, एक वाटी नारळाच्या दुधात गूळ घालून केलेला रस. भाजलेली कणगी सोलून त्या रसात बुडवून खायची. ही युक्ती कोन्सेसांवची.

राखणदाराला पान दाखवून झालं. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, त्यांचा आवाज त्या दिवशी जरा लहान होता. मग सगळे नुसते उभे राहिले. कुणी आधी बसावं हे कुणालाच कळेना. लवू आणि त्याची माणसं फणसाजवळ होती, ख्रिस्ती कुटुंबं गडग्याजवळ, मानकरी पाटाच्या वरच्या टोकाला. साल्वादोर टोपलीत गरम कणग्या घेऊन वाढायला उभा होता.

वहिनी लवूच्या म्हाताऱ्या आईजवळ गेल्या, तिचा हात धरून तिला ओळीत मधोमध आणलं आणि पानावर बसवलं. मग लवू बसला. मग मी माझ्या बायको-मुलांसकट बसलो. यात माझं काही शौर्य नाही, माझ्या बायकोने मला कोपराने ढकललं. हळूहळू ओळ भरू लागली. तीन घरांतली माणसं मात्र न बोलता वळली आणि बागेबाहेर गेली. वहिनींनी खरोखरच त्यांची पानं उचलली. त्या पानांवरचं जेवण गाईला घातलं आणि शेजारच्यांना सरकून बसायला सांगितलं.

तात्या अजून उभे होते. सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे आहे हे त्यांना कळत होतं. त्यांनी एकदा राखणदाराच्या दगडाकडे बघितलं, मग धोतर सावरलं आणि बसले. लवूच्या शेजारी नव्हे. मधे सात-आठ पानं होती. पण ओळ तीच होती. साल्वादोर त्यांच्यासमोर टोपली घेऊन थांबला. तात्या म्हणाले, "वाढ रे, थंड करतंस कित्याक?"

जेवण अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा तालुक्याहून पुरवठ्याचा कारकून सायकलवर आला. कुणीतरी कळवलं असावं. त्याने येताच पातेली बघायला मागितली. पातेली नव्हतीच. वहिनींनी त्याला खड्डे दाखवले, टोपल्या दाखवल्या, रसाची कळशी दाखवली. तो बिचारा घामाघूम झाला होता, आणि भाताचं एक शीतही सापडेना म्हणून गोंधळलाही होता. तपासणी झाली असेल तर दोन घास खा, असं वहिनी म्हणाल्या. शेजारच्यांनी पुन्हा सरकून त्याला जागा करून दिली. त्याने पाच कणग्या खाल्ल्या. जाताना मला बाजूला घेऊन, अहवालात या जेवणाला काय नाव द्यावं असं विचारलं. मी म्हटलं, फराळ लिहा.

वहिनी अजून वाढतच होत्या. दर वर्षीप्रमाणे त्या शेवटी मागच्या पडवीत जेवणार असं आम्ही गृहीत धरलं होतं. ओळीच्या खालच्या टोकाला कोन्सेसांव बसली होती, शेजारचं पान तिने रिकामं राखून ठेवलं होतं. वहिनी तिथपर्यंत आल्या तशी तिने त्यांच्या हातातली टोपली काढून घेतली आणि साल्वादोरकडे दिली.

"बस गो," ती म्हणाली. "पंद्रा वर्सां जालीं."

वहिनी बसल्या. कोन्सेसांवने एक कणगी सोलली, रसात बुडवली आणि त्यांच्या पानावर ठेवली. त्या दोघी जेवल्या. महादू बाजूला उभा राहून बघत होता. त्याला डोळे पुसायला पंचा सापडेना म्हणून त्याने ते हातानेच पुसले.

पुढल्या वर्षी आमच्या भागात धान्याची ओढ जरा कमी झाली. तात्यांनी सुनेला बोलावून विचारलं की आता भात करायला हरकत नाही ना. मला वाटलं, आता पुन्हा खळ्यात पातेली चढणार, आणि पातेल्यांमागून पंगती येणार. वहिनींनाही तेच वाटलं असणार. त्या म्हणाल्या की शीत आपण घरी रोज जेवतो, वर्षातून एक दिवस बागेचं खाऊ. कुणालाही दुखावणारं असं काहीच त्यात नव्हतं. तात्या हसले. एव्हाना ते सुनेला ओळखून होते. हो म्हणाले. आदल्या साली निघून गेलेल्या तीन घरांपैकी दोन त्या वर्षी परत आली आणि ओळीत बसली. तिसरं कधीच आलं नाही. वहिनी तरीही दर वर्षी त्यांच्या दारात जाऊन आमंत्रण द्यायच्या.

१९६८ साली मात्र विचित्र झालं. जेवणाला दहा दिवस असताना वहिनी पाटाच्या बांधावरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांना सावंतवाडीला इस्पितळात ठेवलं, पाय वजनाला बांधलेला. महादू त्यांच्यापाशी. यंदा जेवण होणार नाही असं मी धरून चाललो होतो. पण दुसऱ्याच दिवशी कोन्सेसांव गावातून फिरताना दिसली. कुणाच्या परसात काय आहे, ते विचारत. तिच्याबरोबर तात्यांची स्वतःची सून विमला होती, आणि मागे टोपली घेऊन माझी बायको. तात्यांना तेव्हा काठीशिवाय चालता येत नव्हतं, तरी ते तेवढं अंतर चालत लवूच्या दारापर्यंत गेले आणि दिवस कधीचा ठरला आहे ते सांगून आले. तोपर्यंत हा निरोप कुणातरी गड्याबरोबर जायचा.

जेवण झालं. ओळ पाटाच्या काठाने तशीच, थोडी लांबच. दुसऱ्या दिवशी मी आणि साल्वादोर पहिल्या गाडीने सावंतवाडीला गेलो, बरोबर केळीच्या पानात बांधलेलं जेवण. मी वहिनींना सगळं सांगितलं. कोण आलं, कोण कुठे बसलं, तात्या लवूकडे गेले ते. त्या छताकडे बघत ऐकत होत्या. मग त्यांनी साल्वादोरला विचारलं, "खड्डो कितके वाजता पेटयलात?"

साल्वादोरने सांगितलं, सातला.

"उशीर झालो," वहिनी म्हणाल्या. "सुरण कच्चो रवलो आसतलो."

साल्वादोरने कबूल केलं की थोडा राहिला होता. मग त्याने पान सोडलं. वहिनींनी कणगी हातात घेऊन दाबून बघितली, वास घेतला, आणि उशीला टेकून सगळी खाल्ली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने काय खाता म्हणून विचारलं तेव्हा उरलेली एक तिला दिली आणि ती कशी भाजायची ते सांगू लागल्या.